पॅनेलं दुसऱ्याच्या छतावर, जमा आपल्या बिलात

माझे वडील, अण्णा, न्यू जर्सीत एडिसनला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, “पॅनेलं कुठायत?” आम्ही सोलर घेतलंय एवढंच मी फोनवर सांगितलं होतं. पस्तीस वर्षं बोर्डात वायरमन म्हणून काढलेला माणूस. २००५ मध्ये वीज मंडळाच्या कंपन्या होऊन महावितरण आलं, तरी त्यांच्या तोंडी अजून बोर्डच आहे. चहाचा कप हातात घेऊन ते घराला वळसा घालून आले. मान वर करून छप्पर पाहिलं, वाकून मीटर पाहिला. “वर काही नाही. इन्व्हर्टर नाही. मग काय गं, दुसऱ्याच्या पॅनेलवर आकडा टाकलायस?”

आकडा नव्हता टाकला, पण पॅनेलं दुसऱ्याची होती हे खरं. न्यू जर्सीत टर्नपाइकच्या कडेनं जाताना गोदामांची मैलोन् मैल सपाट छतं दिसतात, तसल्या एका छतावर ती आहेत. छत गोदामवाल्याचं, पॅनेलं एका सोलर कंपनीची, तारा वीजकंपनीच्या, आणि आम्ही त्यातले वर्गणीदार. याला इथं कम्युनिटी सोलर म्हणतात. अण्णांना ‘वर्गणी’ हा शब्द फार आवडला. “म्हणजे गणपतीसारखं? पावती फाडायची आणि आरतीला उभं राहायचं?” पावती फाडावी लागते, इतपत साम्य आहे. अण्णा सहा महिने राहिले आणि त्या काळात त्यांनी मला जेवढे प्रश्न विचारले, तेवढे मी करारावर सही करताना कंपनीला विचारले नव्हते. विचारायला हवे होते. हा लेख त्या प्रश्नांतूनच झाला.

पहिला प्रश्न अर्थातच, त्या गोदामावरची वीज आमच्या घरी कशी येते. ती येत नाही. पॅनेलांची वीज जवळच्या फीडरवर चढते आणि जिथं मागणी असेल तिथं वापरली जाते. आमच्या घरात येणारी वीज आधी जशी यायची तशीच, त्याच तारेनं, त्याच मीटरमधून येते. वादळात फीडर गेला तर आमच्याकडेही अंधारच. बदल होतो तो फक्त हिशेबात. प्रकल्पानं महिन्यात किती युनिट दिले ते वीजकंपनी मोजते, त्यातला आमच्या वाट्याचा भाग काढते, त्याचे डॉलर करते आणि ते आमच्या बिलात जमा धरते. अण्णांनी हे अर्ध्या मिनिटात पकडलं. “दूध संघासारखं. टँकरमधे ओतल्यावर आपल्या म्हशीचं दूध कुठलं ते विचारू नये. पासबुकात लिटर मांडले की झालं.” कंपनीच्या माहितीपत्रकातल्या चार रंगीत पानांनी जे मला नीट सांगितलं नव्हतं, ते एवढ्यात झालं.

फक्त एक फरक आहे, आणि सगळी गोम त्यातच आहे. संघाला दूध आपण घालतो आणि पैसे आपल्याला मिळतात. इथं म्हैस कंपनीची आहे. पासबुक आपलं असलं तरी जमा झालेल्या रकमेचा मोठा हिस्सा कंपनीला द्यायचा असतो. आपल्याकडे उरते ती सवलत. म्हणजे आपण वीज विकत घेत नाही आणि पॅनेलंही घेत नाही. आपण आपल्याच बिलातली जमा थोड्या स्वस्तात विकत घेतो. शंभर डॉलरची जमा ऐंशी डॉलरना. एवढं एक वाक्य डोक्यात पक्कं ठेवलं की दारावर वर्गणी विकायला येणाऱ्या पोऱ्याचं निम्मं भाषण आपोआप गळून पडतं.

ही सोय निघाली ती ज्यांना छत नाही त्यांच्यासाठी. भाडेकरू, अपार्टमेंटवाले, झाडांच्या सावलीतली घरं, आणि आमच्यासारखे टाउनहाउसवाले, ज्यांचं छप्पर असोसिएशनच्या ताब्यात असतं. नॅशनल रिन्यूएबल एनर्जी लॅबोरेटरीनं २०१५ मध्ये अंदाज मांडला होता की अमेरिकेतल्या सुमारे ४९ टक्के घरांना स्वतःच्या छतावर पॅनेलं बसवणं शक्यच नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या एलेन्सबर्ग गावी २००६ मध्ये नगरपालिकेनं केलेला प्रकल्प या प्रकारातला पहिला समजला जातो. कोलोरॅडोनं २०१० मध्ये कायदा केला, मिनेसोटानं २०१३ मध्ये, न्यू यॉर्कनं २०१५ मध्ये परवानगी दिली. न्यू जर्सीचा कायदा २०१८ चा. त्यानंतर दोन फेऱ्यांत आधी ४५ आणि मग १०५ प्रायोगिक प्रकल्प मंजूर झाले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये कार्यक्रम कायमचा झाला. तो चालवणाऱ्या नियामकाचं नाव बोर्ड ऑफ पब्लिक युटिलिटीज. “इथंही बोर्डच!” अण्णा खूश. पण हे बोर्ड तारा ओढत नाही. आपल्याकडच्या वीज नियामक आयोगाचं काम ते करतं.

आता लोक याच्या मागे का लागलेत, तेही सांगते. जून २०२५ पासून न्यू जर्सीतली घरगुती बिलं साधारण १७ ते २० टक्क्यांनी वाढली. त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये कायदा बदलला आणि स्वतःच्या छतावर पॅनेलं बसवणाऱ्या घरमालकाला मिळणारी ३० टक्क्यांची केंद्रीय करसवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. ऑगस्ट २०२५ मध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांनी कम्युनिटी सोलरमध्ये आणखी ३,००० मेगावॉटची भर घालणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यामुळे शनिवारी सकाळी गळ्यात ओळखपत्र लटकवलेली पोरं पुन्हा फिरायला लागली आहेत.

त्या पोरांवरून माझा किस्सा. अण्णा यायच्या दोन वर्षं आधी असाच एकजण टॅबलेट घेऊन दारात आला. “सरकारी योजना आहे, तुमच्या बिलात क्रेडिट मिळणार, फक्त बिल दाखवा.” कुकरची शिट्टी होत होती. मी बिल आणून दिलं, त्यानं फोटो काढला, दोन जागी बोट टेकवायला लावलं आणि गेला. दीड महिन्यानं बिलात पाहते तर वीजपुरवठादाराच्या रकान्यात भलतंच नाव आणि दर आधीपेक्षा चढा. त्यानं मला सोलर नव्हे, दुसऱ्या पुरवठादाराची वीज विकली होती. न्यू जर्सीत बिलाचे दोन भाग असतात, विजेचे पैसे आणि ती पोचवण्याचे पैसे. पहिला भाग खासगी पुरवठादाराकडून घ्यायची मुभा आहे, आणि तो धंदा करणारे लोक सोलरचं नाव घेऊन फिरतात. वीजकंपनीला फोन करून मी ते परत फिरवलं, पण दोन बिलं महागात पडली. कम्युनिटी सोलरमुळे पुरवठादार बदलत नाही, बदलावाही लागत नाही. कोणी बदलायला सांगितलं, तर तो दुसरंच काही विकतो आहे.

अण्णांना पुढचा प्रश्न सुचला तो मी बिल समोर ठेवल्यावर. “वीस टक्के सूट म्हणतेस. कशाच्या वीस टक्के?”

हा प्रश्न प्रत्येकानं विचारावा. वीस टक्के बिलाचे नव्हेत, जमेचे. न्यू जर्सीच्या कायम कार्यक्रमात ही सवलत निदान १५ टक्के असलीच पाहिजे असा नियम आहे. पुष्कळ प्रकल्प त्याहून जास्त देतात. आमचा करार २० टक्क्यांचा. अण्णांनी माझ्या मुलीची वही ओढून घेतली आणि हिशेब मांडला. आमचा वर्षाचा वीजवापर ७,२०० युनिट. (इथं किलोवॉट-अवर म्हणतात, पण वही अण्णांची आहे.) सगळं धरून युनिटला २३ सेंट पडतात असं मानलं, तर वर्षाचं बिल १,६५६ डॉलर. आमच्या नावावर प्रकल्पाचा ५ किलोवॉटचा वाटा आहे, तो इथल्या उन्हात वर्षाला अंदाजे ६,००० युनिट देतो. जमा मात्र २३ सेंटनं होत नाही, कारण बिलातले काही आकार असे असतात की ते कुणालाच चुकत नाहीत, आणि जमेचा दर काढताना ते वगळतात. हिशेबापुरता १८ सेंट धरला. ६,००० युनिटांचे १,०८० डॉलर जमा. त्यातले ८० टक्के, म्हणजे ८६४ डॉलर, सोलर कंपनीला. उरले २१६. एकूण बिलाच्या मानानं तेरा टक्के.

“वीस सांगून तेरा,” अण्णा म्हणाले, पण तक्रारीच्या सुरात नाही. घरात बसून, खिळाही न ठोकता वर्षाला दोनशे सोळा डॉलर वाचत असतील तर वाईट नाही, असं त्यांचं मत पडलं. माझंही तेच आहे. फक्त ज्यानं वीस ऐकलं आणि बिल वीस टक्क्यांनी उतरेल अशी वाट पाहिली, तो सहा महिन्यांत वैतागून रद्द करतो. असे आमच्या ओळखीत तीन आहेत.

वहीचं पुढचं पान जूनचं. जूनमध्ये आमच्या वाट्याला ६५० युनिट आले, म्हणजे ११७ डॉलर जमा. एसीमुळे घरचा वापर ९०० युनिट, बिल २०७. जमा वजा जाता वीजकंपनीला ९० द्यायचे आणि सोलर कंपनीला ९३ डॉलर ६० सेंट. एकूण १८३.६०, बचत २३.४०. डिसेंबरात वाटा फक्त ३०० युनिटांचा, जमा ५४, बचत १०.८०. बचत उन्हाबरोबर वर-खाली होते, यात नवल काही नाही.

खरी मेख एप्रिलमध्ये आहे. ऊन चांगलं, एसी बंद, हीटर बंद. वाटा ५७५ युनिट, जमा १०३ डॉलर ५० सेंट. आमचा वापर ४२० युनिट, बिल ९६.६०. म्हणजे जमा बिलापेक्षा मोठी. वीजकंपनीचं बिल शून्य, वरचे ६ डॉलर ९० सेंट पुढच्या महिन्यात ओढले जातात. पण सोलर कंपनी आपल्याकडून पूर्ण १०३.५० वर वर्गणी घेते, ८२.८०. जी जमा अजून वापरलीच नाही तिचेही पैसे आपण देऊन बसतो. एवढ्याशा फरकाचं काही वाटत नाही, मे-जूनमध्ये तो जिरतो. पण समजा कंपनीनं आपल्याला गरजेपेक्षा मोठा वाटा देऊन ठेवला, तर जमा महिनोन् महिने साचत जाते, आणि वर्षाचा हिशेब बंद होताना जी उरते ती किरकोळ दरानं नव्हे, घाऊक दरानं मोजली जाते. ८० सेंटला घेतलेला डॉलर मग कवडीमोलानं जातो. म्हणून वाटा वर्षाच्या वापराएवढा नको, थोडा कमीच बरा. मुलं कॉलेजला गेली, घरातली दोन माणसं कमी झाली, की वाटा कमी करून घ्यायला सांगायचं. गाडी विजेवरची घेतली, तर वाढवायला. हे कंपनी आपणहून करत नाही.

इतकं समजल्यावर नाव नोंदवणं अवघड नाही, नुसतं किचकट आहे. सुरुवात आपली वीजकंपनी कोणती इथून होते, कारण प्रकल्प त्याच कंपनीच्या हद्दीत असावा लागतो. एडिसन-इसेलिनकडे पीएसई अँड जी, मन्रोकडे बरीचशी जर्सी सेंट्रल पॉवर अँड लाइट, दक्षिणेला अटलांटिक सिटी इलेक्ट्रिक, आणि उत्तरेच्या टोकाला थोडी रॉकलँड इलेक्ट्रिक. मिलटाउन किंवा साउथ रिव्हरमध्ये राहणाऱ्यांची वीज गावच्या नगरपालिकेची आहे, त्यामुळे त्यांना या चार कंपन्यांमधला हा कार्यक्रम लागू होत नाही. नवरा-बायको एका गावात आणि मुलगा दुसऱ्या गावात राहत असेल, तर मुलानं ज्या प्रकल्पात नाव घातलं तोच आई-वडिलांना मिळेल असं धरू नये.

मग बारा महिन्यांची बिलं. वीजकंपनीच्या खात्यात लॉग-इन केलं की वापराचा आलेख मिळतो. एका महिन्याच्या बिलावरून वाटा ठरवणारी कंपनी आली तर सावध व्हावं, मग ते बिल जुलैचं असो की एप्रिलचं. त्यानंतर इथल्या बोर्ड ऑफ पब्लिक युटिलिटीजच्या संकेतस्थळावर नोंदणी असलेल्या प्रकल्पांची आणि वर्गणीदार गोळा करणाऱ्या संस्थांची यादी पाहावी. दारावर आलेल्याचं नाव त्यात नसेल तर बोलणं तिथंच थांबवावं. आणि कोणी “यातून तुम्हाला टॅक्स क्रेडिट मिळेल” म्हणालं, तर दार लावून घ्यावं. करसवलत ज्याची पॅनेलं त्याला. वर्गणीदाराला ती कधीच नव्हती.

कागदांमध्ये सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे डिस्क्लोजर फॉर्म. करार वीस पानी असतो, हा दोन-चार पानी. सवलत किती, ती कायम आहे की काही वर्षांनी बदलते, मुदत किती, सोडायचं झालं तर किती दिवस आधी कळवायचं, सोडण्याचा दंड आहे का, घर बदललं तर काय, हे सगळं त्यात एका ठिकाणी लिहिलेलं असतं. तो करारापूर्वी मागावा, सही केल्यावर ईमेलनं येण्याची वाट पाहू नये. मला वाटतं, ‘गॅरंटीड’ हा शब्द सवलतीच्या आकड्याशेजारी आहे की नाही, एवढं एक पाहिलं तरी पुष्कळ झालं. ‘अंदाजे’, ‘पर्यंत’ असे शब्द दिसले तर विचारा.

आमच्या घोड्यानं पेंड खाल्ली ती नावात. बिल नवऱ्याच्या नावे. कैक वर्षांपूर्वी ते खातं उघडताना त्यानं पासपोर्टवरचं पूर्ण नाव दिलेलं, म्हणजे मधे सासऱ्यांचं नाव. बिलावर जागा पुरली नाही म्हणून आडनाव अर्धं छापलेलं. मी अर्जात सुटसुटीत नाव आणि आडनाव लिहिलं. तीन आठवड्यांनी अर्ज परत, ‘खातेदार जुळत नाही’. मग बिल समोर ठेवून, अर्ध्या आडनावासकट, अक्षर न् अक्षर तसंच लिहिलं. पीएसई अँड जीच्या बिलावर खाते क्रमांकाशिवाय ‘पीई’नं सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक असतो, तो मीटरच्या जागेचा. अर्जात तोही मागतात. एखादा शून्य कमी पडला तरी अर्ज अडकतो. आपल्याकडच्या ग्राहक क्रमांकासारखंच. अण्णा म्हणाले, बारा आकडी ग्राहक क्रमांक सांगताना लोक नेहमी एक आकडा खातात, त्यात बोर्डाची चूक नसते.

उत्पन्नाचा रकाना बऱ्याच जणांना खटकतो. न्यू जर्सीत प्रत्येक प्रकल्पाची निदान ५१ टक्के क्षमता कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या घरांसाठी राखावी लागते. ढोबळमानानं परिसरातल्या मधल्या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत कमावणारे त्यात बसतात. पुष्कळदा त्यासाठी कर विवरणपत्र जोडावं लागत नाही, स्वतः सही करून जाहीर केलं की पुरतं. म्हणूनच तिथं खरं लिहावं. रांग लवकर पुढे सरकावी म्हणून टिक मारायला सांगणारा विक्रेता भेटतो, पण सही त्याची नसते, आपली असते. आणि मुलांबरोबर राहणारे पण वेगळं वीजखातं असलेले निवृत्त आई-वडील या गटात खरोखरच बसत असतील, तर त्यांनी संकोच करू नये. जागा त्यांच्यासाठीच ठेवलेल्या आहेत.

काही गावांत अर्जाचीही गरज पडत नाही. नगरपालिका प्रकल्पाशी करार करते आणि रहिवाशांना परस्पर वर्गणीदार करून घेते. टपालानं पत्र येतं की अमुक तारखेपर्यंत नको म्हणून कळवलं नाही तर तुमचं नाव घातलं जाईल. नियमात ही तरतूद आहे. असं पत्र जाहिरात समजून केराच्या टोपलीत टाकण्याआधी गावाच्या संकेतस्थळावर त्याची खात्री करून घ्यावी. ते अस्सल असेल तर बहुधा सोपा मार्ग तोच.

पैसे कसे भरायचे, याच्या दोन रीती आहेत. जुन्या पद्धतीत दोन बिलं येतात, एक वीजकंपनीचं, एक सोलर कंपनीचं, आणि दुसऱ्यासाठी बँक खात्यातून आपोआप वजावटीची परवानगी मागतात. नव्या पद्धतीत सगळं एकाच बिलात. वीजकंपनीच जमा दाखवते, त्यातून वर्गणी कापते आणि निव्वळ बचत आपल्यापुढे ठेवते. न्यू यॉर्कनं डिसेंबर २०१९ च्या आदेशानं ही वाट मोकळी केली, न्यू जर्सीच्या कायम कार्यक्रमाची दिशाही तीच. जिथं निवड असेल तिथं एकच बिल घ्यावं. दोन बिलांचा त्रास पैशांचा नसतो, महिने जुळत नाहीत त्याचा असतो.

ते महिने का जुळत नाहीत? प्रकल्पाचा मीटर जूनअखेर वाचला जातो. वाटे पडतात, आकडे वीजकंपनीकडे जातात, आणि आपल्या बिलाची तारीख येते तेव्हा जुलै सरलेला असतो. जूनची जमा ऑगस्टच्या बिलात दिसली तर ते सुरळीतच चाललंय. सुरुवातीला तर याहून जास्त थांबावं लागतं, कारण आधी नाव प्रकल्पाच्या यादीत चढावं लागतं, आणि प्रकल्प नवा असेल तर तो आधी सुरू व्हावा लागतो. सहीपासून पहिली जमा येईपर्यंत आम्हाला पाच महिने लागले. या मधल्या काळात आपण काही देणं लागत नाही. जमा येण्याआधीच वर्गणी मागणारं बिल आलं, तर करार उघडून विचारावं. दर महिन्याला सारखंच बिल येणारी योजना घेतलेल्यांनी आधीच विचारून ठेवावं की जमा तिच्यात कशी धरली जाईल, नाहीतर बचत होत असूनही ती डोळ्यांना दिसत नाही.

घर बदललं तर काय? त्याच वीजकंपनीच्या हद्दीत गेलात तर वाटा नव्या खात्यावर नेता येतो, पण कळवावं लागतं आणि मधे एखाद-दोन महिने रिकामे जातात. हद्दीबाहेर किंवा राज्याबाहेर गेलात तर सोडून द्यायचं. जुन्या खात्यावर साचलेली जमा असेल तर खातं बंद करण्याआधी ती संपेल असं पाहावं. इथल्या मराठी घरांची दर चार वर्षांनी नोकरीपायी उचलबांगडी होते, म्हणून मुद्दाम सांगते. वीस वर्षांची मुदत असलेला करार घाबरवतो, पण खरा आकडा मुदतीचा नसून सूचनेच्या दिवसांचा असतो. आमच्या करारात तो ९० दिवस आहे.

एक गोष्ट मात्र अण्णांच्या गळी उतरवायला मला वेळ लागला, कारण ती मलाच उशिरा कळली. ते सातारच्या भावाला फोनवर अभिमानानं सांगत होते, “लेकीचं घर सोलरवर चालतंय.” तसं म्हणता येत नाही. पॅनेलांच्या प्रत्येक १,००० युनिटांमागे एक हरित प्रमाणपत्र तयार होतं आणि न्यू जर्सीत ते प्रकल्पाचा मालक वेगळं विकतो. प्रकल्प परवडतो तो त्याच पैशांतून. ज्याच्याकडे प्रमाणपत्र, त्याचा ‘मी सौर वीज वापरली’ हा दावा. आमच्याकडे उरते बिलातली सवलत, आणि आपल्या वर्गणीमुळे तो प्रकल्प उभा राहायला हातभार लागला एवढं समाधान. मला ते पुरेसं वाटतं. अण्णांना ती लबाडी वाटली. “म्हणजे दूध संघाला, साय तिसऱ्यालाच.” यावर आमचं एकमत झालेलं नाही.

त्यांचा शेवटचा प्रश्न आपल्याकडचा होता. साताऱ्यात हे का नाही? तिथं स्वतःचं छत असणाऱ्याला पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, आणि सोसायट्यांना सामायिक सोयींसाठी किलोवॉटमागे १८,०००. पण तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या वैयक्तिक बिलात दुसऱ्याच्या छतावरची जमा धरायची, तर वीजकंपनीला तसा हिशेब ठेवावा लागतो. दिल्लीच्या आयोगानं त्यासाठी २०१९ मध्ये मार्गदर्शक नियम काढले. अण्णांचं यावर एकच म्हणणं. तारा आहेत, मीटर आहेत, ऊन तर न्यू जर्सीहून किती तरी जास्त आहे. कमी आहे तो आकडे वेळेवर मांडणारा कारकून.

जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना ते गोदाम दाखवायला नेलं. रस्त्यावरून काहीच दिसलं नाही. उंच राखाडी भिंत, ट्रकची रांग, आणि कुंपणाच्या आत एक ट्रान्सफॉर्मर. अण्णांनी गाडीतून उतरून ट्रान्सफॉर्मरवरची पाटी वाचायचा प्रयत्न केला, तेव्हा पहारेकऱ्यानं हटकलं. परत येताना त्यांनी वही माझ्याकडे दिली. पहिल्या सहा महिन्यांची दोन्ही बिलं तिच्यात चिकटवलेली आहेत, जमा आणि वर्गणी शेजारी-शेजारी. तुम्ही नाव घालणार असाल तर अशी एक वही करा. आणि तोवर दारात आलेल्या कुणालाही बिलाचा फोटो काढू देऊ नका, कुकरची शिट्टी होत असली तरी.